दहा दिवसांत दहा किलो : काटा खरं बोलतो, विकणारा नाही

लग्नसराई जवळ आली की महिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच जाहिरात फिरायला लागते. १० दिवसांत १० किलो वजन कमी, व्यायाम नाही, साइड इफेक्ट नाही. पैसे आधी भरायचे, तेही कोणाच्या तरी खासगी यूपीआय नंबरवर. पावती मागितली तर ‘ताई, विश्वास नाही का?’ घरी येतो तो शेकचा डबा, रात्री घ्यायचं ‘डिटॉक्स’ चूर्ण आणि मोबाइलवर आहाराचा तक्ता: सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस, दुपारी आणि रात्री पाण्यात कालवलेला शेक, मधल्या वेळी काकडी. ३० ग्रॅमचा शेक म्हणजे फार तर १२० कॅलरी. दिवसभराची बेरीज ४००-५०० च्या पुढे जात नाही.

आता हिशेब करू. घरकाम आणि नोकरी सांभाळणाऱ्या ७० किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण १,८०० कॅलरी लागतात. तिने ५०० खाल्ल्या तर तूट १,३०० ची, दहा दिवसांत १३,०००. एक किलो चरबी जळायला सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे तूट पूर्णपणे चरबीतूनच भरून निघाली असं धरलं, तरी जेमतेम पावणेदोन किलो.

तरीही काटा चार-पाच किलो कमी दाखवतो, आणि सगळा धंदा उभा आहे तो या फरकावर. यकृतात आणि स्नायूंत ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठलेलं असतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी. पोळी-भात बंद झाला की दोन-तीन दिवसांत हा साठा उतरतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. मीठ कमी पोटात गेल्याने आणखी पाणी जातं, आतडं रिकामं राहतं ते वेगळंच. पहिलं वजन संध्याकाळी, जेवून, चपला घालून केलेलं आणि दुसरं सकाळी उपाशीपोटी, ही हातचलाखी त्यावर. डाएट सोडल्यावर आठवड्याभरात पाणी परत भरतं. तेव्हा ऐकवलं जातं, ‘तुम्ही पाळलं नाहीत, दुसरा महिना घ्या.’

खरी भीती आहे ती चुर्णाची. अशा चुर्णात बऱ्याचदा सोनामुखी असते. रोज दोन-तीन पातळ जुलाब झाले की लोकांना पोट साफ झाल्यासारखं वाटतं, पण जुलाबावाटे चरबी जात नाही, पोटॅशियम जातं. आहारातही ते पुरेसं नाही. रक्तातलं पोटॅशियम ३.५ (मिलिमोल प्रति लिटर) च्या खाली उतरलं की पायात गोळे येऊ शकतात, जिना चढवेनासा होऊ शकतो, ३ च्या खाली हृदयाचे ठोके चुकू शकतात. नेमकी हीच लक्षणं ‘टॉक्सिन बाहेर पडतायत’ म्हणून खपवली जातात. १९७७-७८ मध्ये अमेरिकेत फक्त द्रवरूप प्रथिनांवर राहणाऱ्या पन्नासहून अधिक लोकांचे मृत्यू नोंदवले गेले. त्यांच्यापैकी अनेकांचं कारण हृदयाची लय बिघडणं हेच होतं.

दुसरी भेसळ सिब्युट्रामिनची. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून हे भूक मारणारं औषध २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत मागे घेतलं गेलं, २०११ मध्ये भारतातही बंद झालं. तरी ‘हर्बल’ कॅप्सूलमध्ये ते अजून सापडतं. दुसऱ्याच दिवशी भूक मेली, तोंडाला कोरड पडली, झोप उडाली, बसल्या जागी नाडी १०० च्या वर गेली, तर पुढची गोळी घेऊ नये.

मधुमेह असेल तर हा तक्ता हातातसुद्धा धरू नका. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण तोडलं की साखर एकदम घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचं आणखी अवघड: मीटरवर साखर २०० च्या आत, आणि रक्तात मात्र किटोन नावाचं आम्ल वाढत चाललेलं. उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली तर मीटरवर विसंबू नका, किटोनची तपासणी करून घ्या.

दुधीच्या रसाचं एकच सांगतो. आधी कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर तो दुधी फेकून द्या. कडूपणा कुकुरबिटॅसिन या विषारी द्रव्याचा, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. ‘कडू जास्त गुणकारी’ म्हणून सांगणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

काही नुकसान उशिरा कळतं. आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जेवणात स्निग्ध काहीच नसेल तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त आत साचून राहतं. केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, त्यामुळे डाएटशी कोणी त्याचा संबंध जोडत नाही. आणि तोच विकणारा ‘कोच’ मग केसांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाचा डबा विकायला हजर!

पैसे देण्याआधी डब्यावरचा १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक त्यांच्याच फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून बघा. उत्पादकाचं नाव-पत्ता जुळला पाहिजे. क्रमांक खरा असला म्हणजे वजन घटण्याची हमी मिळाली असं मात्र नाही. विकणारा सर्रास गफलत करतो ती इथेच.

पैसे गेले असतील तर जाहिरात, चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, ग्रुपमधून काढलं की ते हाती लागत नाहीत. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०, ग्राहक तक्रारीसाठी १९१५, महाराष्ट्रात भेसळीसाठी एफडीएचा (अन्न व औषध प्रशासन) १८००-२२२-३६५. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, तक्रारीत त्याचाही उल्लेख करा. त्रास झाला असेल तर उघडं पाकीट फेकू नका. ते घेऊनच डॉक्टरांकडे जा, आणि इलेक्ट्रोलाइट (रक्तातलं सोडियम-पोटॅशियम) तपासणी व ईसीजी करून घ्या.