सार्जंट पेपर घ्यायचाय? मग आधी कव्हर उलटं करून बघा

बीटल्स या ब्रिटिश बँडचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम कुठल्या आवृत्तीत घ्यावा असं कुणी विचारलं की लगेच आवाजावर बोलणं सुरू होतं. मोनो (सगळा आवाज एकत्र) की स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा), जुनं मिक्स (वेगवेगळे मुद्रित आवाज जुळवून केलेली जोडणी) की नवं. त्यावर मीही पुढे बोलणार आहेच. पण माझा आग्रह असा की निवड करताना सुरुवात मागच्या कव्हरापासून करावी. १९६७ साली हा अल्बम इंग्लंडमध्ये आला तेव्हा त्याच्या पाठीवर, लाल रंगावर काळ्या बारीक अक्षरांत, गाण्यांचे शब्द छापले होते. पॉप गाण्यांचे शब्द असे कव्हरावर पूर्ण छापायची तेव्हा रीत नव्हती. ऐकणाऱ्यानं कान देऊन जमेल तेवढं टिपायचं आणि उरलेलं मनानं भरायचं, असाच सगळा मामला होता. त्यात मूळ तबकडीवर दोन गाण्यांमधली ती ओळखीची मोकळी पट्टीही नाही. सुई कुठल्या गाण्यावर आहे हे डोळ्यांना कळत नाही. हातात कव्हर घेऊन शब्दांवरून बोट फिरवत ऐकायचं, हीच या अल्बमची खरी रीत. म्हणून ज्या आवृत्तीत हे शब्द वाचता येत नाहीत, ती मला अपुरी वाटते.

मूळ ब्रिटिश प्रतीत काय काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे तुलनेला आधार मिळेल. पार्लोफोन या लेबलनं काढलेल्या मोनो प्रतीचा क्रमांक पीएमसी ७०२७ आणि स्टिरिओचा पीसीएस ७०२७. कव्हर दुहेरी, पुस्तकासारखं उघडणारं. आत बीटल्स चौघांचा मोठा फोटो. पुढच्या बाजूला चौघांभोवती प्रसिद्ध व्यक्तींच्या प्रतिमांची गर्दी. कलाकार पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी रचलेला तो गर्दीचा देखावा छायाचित्रकार मायकेल कूपरनं ३० मार्च १९६७ ला टिपला. सोबत कात्रीनं कापायच्या जाड कागदाचं एक पान: खोट्या मिशा, बिल्ले, सार्जंटच्या फिती, एक चित्र आणि उभं करून ठेवायची एक आकृती. आधी आत पाकिटभर खऱ्या वस्तू द्यायचा बेत होता, तो खर्चामुळे बारगळला आणि या एका पानावर भागलं. शिवाय सुरुवातीच्या प्रतींमध्ये तबकडी ज्या आतल्या पाकिटात असते, तेही साधं पांढरं नव्हतं. 'द फूल' नावाच्या कलाकारगटानं त्यावर लाल-गुलाबी लाटा काढल्या होत्या.

या कव्हराचा आपल्याशी एक थेट संबंध आहे. त्या गर्दीत महात्मा गांधीही होते. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवूड यांना भीती वाटली की भारतात लोक दुखावतील, आणि गांधीजी चित्रातून गेले. म्हणजे जगभरच्या प्रत्येक प्रतीचं कव्हर भारतातल्या संभाव्य नाराजीनं बदललेलं आहे. युक्तेश्वर, लाहिरी महाशय, बाबाजी आणि योगानंद हे योगगुरू मात्र राहिले, आणि पुढच्या फुलांपाशी लक्ष्मीची छोटी मूर्तीही. मोठ्या कव्हरावर ती शोधायला मजा येते. मोबाइलवरच्या चौकोनात ती दिसली तर माझं नाव बदला.

आता प्रत्यक्ष निवड. जुनी ब्रिटिश प्रत हवी असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या: तुम्ही पैसे देताय ते बरेचसे कागदासाठी. कात्रणांचं पान आणि लाटांचं पाकीट दोन्ही जागेवर असलेली प्रत आणि नुसती तबकडी-कव्हर असलेली प्रत यांच्या किमतीत मोठा फरक पडतो, आणि तो रास्तच आहे. ते पान मुलांनी कापून मिशा लावायलाच दिलं होतं, त्यामुळे धड राहिलेली पानं कमी. नंतरच्या ब्रिटिश छपाईत आतलं पाकीट साधं पांढरं आहे. ऐकायला त्यानं काही बिघडत नाही, पण विकणारा 'पहिली छपाई' म्हणत असेल आणि आत पांढरं पाकीट असेल तर खुलासा मागा. पाकीट मागाहून बदललेलंही असू शकतं, तेव्हा लेबल आणि कव्हर नीट तपासूनच ठरवा.

अमेरिकेतल्या कॅपिटल कंपनीची प्रत स्वस्तात मिळाली तरी तिच्यात एक उणीव आहे. ब्रिटिश तबकडीत शेवटच्या गाण्यानंतर, सुई आतल्या गोल खाचेत अडकते तिथे, काही सेकंदांची निरर्थक बडबड आणि कुत्र्यांनाच नीट ऐकू येईल असा एक अतिउच्च सूर आहे. हातानं सुई उचलायच्या प्लेअरवर ती बडबड तुम्ही उठेपर्यंत चालूच राहते. १९६७ च्या अमेरिकन प्रतीत हे नाही. तेवढा खोडसाळपणा नको असेल तर कॅपिटलची प्रत चालेल.

आशियातून आलेली जुनी प्रत दिसली तर मात्र जपून. सिंगापूर-मलेशिया-हाँगकाँगकडच्या बाजारासाठी निघालेल्या छपाईत तीन गाणी अमली पदार्थांच्या संशयावरून काढून टाकली होती: 'विथ अ लिटल हेल्प', 'लूसी इन द स्काय' आणि 'अ डे इन द लाइफ'. त्यांच्या जागी बीटल्सच्याच 'मॅजिकल मिस्टरी टूर'मधली गाणी भरली. अल्बमचा शेवटच उचलून नेला म्हणा ना! संग्राहकाला ही प्रत हवीहवीशी वाटेल, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं घेऊ नये. कॅसेटचंही तसंच. जुन्या कॅसेटवर पहिल्या बाजूच्या गाण्यांचा क्रम बदललेला आहे, आणि एवढ्याशा कागदावर मूळ कव्हराचा थाट मावणं शक्यच नाही.

सीडींमध्ये १९८७ ची पहिली आवृत्ती आज कुणी आवाजासाठी शोधत नाही. मी शोधायला सांगेन ती पुस्तिकेसाठी. १ जून १९८७ ला, बरोबर वीस वर्षांनी, ती जाड पुस्तिकेसह आली आणि कव्हरावरच्या गर्दीत कोण कोण आहे याची ओळख त्यात आहे. शब्द पानांवर सुटे वाचता येतात. उलट २००९ च्या मोनो संचातली छोटी प्रतिकृती दिसायला देखणी: लाटांचं पाकीट आहे, कात्रणांचं पान आहे, सगळं मुळाबरहुकूम. पण ३१ सेंटिमीटरचं कव्हर सीडीच्या मापात आणल्यावर मागच्या शब्दांचं काय होतं ते भिंग घेऊन बघावं लागतं. शिवाय तो संच सगळ्या मोनो अल्बमांसह एकत्रच घ्यावा लागत असे.

आवाजाचं थोडक्यात. मोनो मिक्सवर बीटल्सनी स्वतः वेळ घालवला. स्टिरिओ मिक्स निर्माते जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या साहाय्यकांनी थोड्या वेळात उरकलं. फरक ऐकू येण्याजोगे आहेत. 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये जलद आणि जवळपास अर्ध्या सुरानं चढं आहे. 'लूसी'चा आवाज जास्त हेलकावणारा आहे. शीर्षकगीताच्या पुनरावृत्तीच्या शेवटी पॉल मॅकार्टनीच्या आरोळ्या स्पष्ट येतात. २०१७ साली जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिननं मूळ चार-ट्रॅक टेपांपर्यंत मागे जाऊन नवं स्टिरिओ मिक्स केलं. त्यात गाणारा आवाज मध्यभागी आला, ड्रमला वजन आलं. हेडफोनवर ऐकणाऱ्याला जुन्या स्टिरिओपेक्षा मी बिनधास्त हेच सुचवेन. त्याच वर्षीचा मोठा संच (चार सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि १४४ पानांचं पुस्तक) एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) मापाच्या खोक्यात येतो आणि त्यात मोनोही आहे. अभ्यासाची हौस असेल तर घ्या.

तर टर्नटेबल असलेल्यानं २०१४ ची मोनो एलपी मिळते का पाहावं. मूळ टेपांवरून, मध्ये डिजिटल पायरी न घेता कोरलेली, पूर्ण मापाचं दुहेरी कव्हर, आणि शब्द जिथल्या तिथे. माझ्या मते नव्या आवृत्त्यांत सगळ्यात सरस तीच. टर्नटेबल नसेल तर कानांसाठी २०१७ ची सीडी आणि डोळ्यांसाठी १९८७ ची वापरलेली, अशी जोडी करावी. नुसतं स्ट्रीमिंग करणाऱ्याला शब्द पडद्यावर एकेक ओळ सरकताना दिसतील, पण अख्खी लाल पाठ एका नजरेत दिसणार नाही.

शेवटचं, वापरलेली एलपी घेणाऱ्यांसाठी. मी घेतलेल्या प्रतीच्या मागे विकणाऱ्यानं किमतीचं लेबल थेट शब्दांवर चिकटवलं होतं. घरी येऊन मी ते उत्साहानं खेचलं आणि एका गाण्याच्या चार ओळी लेबलाबरोबर निघून आल्या. तिथे आता पांढरा डाग आहे. तुमच्या प्रतीवर लेबल असेल तर केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दुरून मिनिटभर द्या, गोंद सैल होऊ द्या आणि कोपऱ्यापासून हळूहळू, कव्हराला जवळजवळ समांतर ओढत सोडवा.