ॲडमिनर: शाळेच्या फायरवॉलमागून डेटाबेस गाठताना

ॲडमिनर हे ब्राउझरमधून डेटाबेस चालवण्याचं साधन, पण त्याआधीची कथा सांगायला हवी. आमच्या लॅबमधली डेटाबेसची पहिली तासिका पूर्ण वाया गेली. बत्तीस मुलं, बत्तीस पडदे आणि सगळीकडे एकच ओळ: एरर २००३, सर्व्हरशी जोडता येत नाही, कंसात १००६०. शाळेबाहेर इंटरनेटवर असलेला माझा तोच मायएसक्यूएल (डेटाबेस चालवणारा) सर्व्हर, तोच पासवर्ड, आदल्या रात्री घरच्या लॅपटॉपवरून सुरळीत चालला होता. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, तुमचा सर्व्हर झोपलाय."

झोपला नव्हता. १००६० म्हणजे विंडोजने हाक मारली, ओ आली नाही, आणि वाट बघून त्याने नाद सोडला. सर्व्हर बंद असता तर बहुतेक वेळा १००६१ येतो, म्हणजे दार तोंडावर आपटलं. इथे मधल्या फायरवॉलने, म्हणजे शाळेच्या नेटवर्कच्या पहारेकऱ्याने, डेटाची पाकिटं गुपचूप गिळली होती. आणि १०४५, म्हणजे 'प्रवेश नाकारला', दिसला तर खरं म्हणजे पेढे वाटावेत, कारण पासवर्ड चुकला असला तरी आपण सर्व्हरपर्यंत पोचलेलो असतो. हे तीन आकडे मी त्या दिवशी फळ्यावर लिहिले, ते अजून पुसलेले नाहीत.

नेटवर्क सांभाळणारे सर म्हणाले, "३३०६ उघडणार नाही." हे मायएसक्यूएलचं नेहमीचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार. दोन दिवस मला राग होता. मग स्वतःच्या सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि ३३०६ वर कुठून कुठून यंत्रं धडका मारताहेत ते पाहिलं, तेव्हा राग गेला. डेटाबेस जगासमोर उघडा टाकण्याचा मूर्खपणा माझाच होता. सरांनी फक्त त्यात हातभार लावायला नकार दिला.

त्याआधी मी एक आगाऊपणाही करून बसले होते. एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राशी कुलूपबंद बोलण्याची पद्धत, तिच्या बोगद्यातून डेटाबेस गाठायचा बेत होता. त्याचं नेहमीचं पोर्ट २२ बंद, म्हणून एसएसएच वेबसाइटांच्या ४४३ वर बसवलं, की वेबसाइटच्या गर्दीत खपून जाईल. नाही खपलं. एसएसएच जोडणीच्या सुरुवातीलाच स्वतःचं नाव साध्या अक्षरांत सांगतं, आणि आमची फायरवॉल पोर्टचा आकडा बघून थांबत नाही, आत कोण बोलतंय तेही ऐकते. सरांना ते दिसलंच. मी कबूल केलं. "पुढच्या वेळी आधी विचारा," एवढंच म्हणाले, पण कान लाल व्हायला तेवढं पुरलं.

मग विचारून जे केलं ते ॲडमिनर. हे याकुब व्राना यांनी पीएचपी या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं डेटाबेस चालवण्याचं साधन, आणि ते एकाच फाइलीत मावतं. ती फाइल वेब सर्व्हरवर टाका, ब्राउझरमध्ये पत्ता लिहा, झालं. बसवण्याचा विधी म्हणावा असा काही नाहीच. पीएचपीमायॲडमिन हे अशाच कामाचं साधन मी पूर्वी वापरलंय, तेही चांगलंच आहे, पण ते शेकडो फाइलींचा संसार घेऊन येतं आणि फक्त मायएसक्यूएल व त्याचंच भावंड मारियाडीबी यांच्यापुरतं आहे. ॲडमिनर पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या इतर डेटाबेसांशीही बोलतं. मोफत आहे आणि कोड खुला आहे.

आमच्यासाठी खरी गोम मात्र वेगळी. ॲडमिनर डेटाबेसच्या शेजारी, त्याच यंत्रावर बसतं. मुलांचा ब्राउझर साध्या एचटीटीपीएसने (वेबसाइटांच्या नेहमीच्या कुलूपबंद जोडणीने) त्याच्याशी बोलतो, म्हणजे जे दार शाळेत आधीपासून उघडं आहे त्याच दाराने. पुढचं बोलणं सर्व्हरच्या पोटातल्या पोटात होतं. त्यामुळे मी मायएसक्यूएलला पुन्हा १२७.०.०.१ ला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच आतल्या पत्त्याला, बांधून टाकलं आणि ३३०६ बाहेरून कायमचं बंद केलं. फायरवॉलला भोक न पाडता काम झालं आणि वर माझा सर्व्हर आधीपेक्षा सुरक्षित झाला. सरांना फक्त एक करावं लागलं: माझा पत्ता त्यांच्या गाळणीला अनोळखी होता, तो परवानगीच्या यादीत घातला.

वर्गात हे कसं चालतं? ग्रंथालयाचा खोटा डेटा आहे: पुस्तके, सभासद, देवघेव. फॉरेन की असलेल्या (दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या) रकान्यातला आकडा दाबला की थेट त्या सभासदाची ओळ उघडते. जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणं, शिकवायच्या आधी हे दाखवलं की अर्धं शिकवणं तिथेच होतं. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालली की खाली किती वेळ लागला ते येतं आणि शेजारी ती कशी चालते ते सांगणाऱ्या एक्स्प्लेनचा दुवा. देवघेवीच्या तक्त्यात काही लाख ओळी ओतून मुलांना आधी इंडेक्सशिवाय, म्हणजे शोधायच्या सूचीशिवाय, आणि मग इंडेक्ससह तीच क्वेरी चालवायला लावली. आकडा घसरलेला बघून जो गलका झाला, तो माझ्या व्याख्यानाला कधी झाला नव्हता. देवनागरी नावं नीट साठतात. एकाने सभासदाच्या नावात हसरा चेहरा घातला, तोही टिकला, कारण तक्ते यूटीएफ८एमबी४ या, इमोजीही मावणाऱ्या, अक्षरसंचाचे होते.

रूप? साधं, जवळजवळ रुक्ष. दहा वर्षांपूर्वीचं सरकारी संकेतस्थळ आठवावं असं. मला चालतं, मुलांनी पहिल्या दिवशी नाकं मुरडली. रूप बदलायला सीएसएसची एक फाइल शेजारी ठेवली की पुरतं, ते काम मी त्यांच्यावरच सोपवलं आणि आता सगळं गडद जांभळं आहे.

एक गंमत सांगायलाच हवी. चुकीचे लॉगिन फार झाले की ॲडमिनर त्या आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) काही काळ थांबवतं. आणि शाळेतली सगळी यंत्रं बाहेरून एकाच आयपीची दिसतात. मी हौसेने वीस अक्षरी पासवर्ड दिले होते. दहा मिनिटांत सगळ्यांच्या चुकांची बेरीज झाली आणि अख्खा वर्ग दाराबाहेर. कुलपाने त्याचं काम चोख केलं, घोळ माझा. आता पासवर्ड कागदावरून बघून टंकायला सोपे आहेत आणि त्यांच्यापुढे वेब सर्व्हरचं वेगळं कुलूप आहे.

ते पुढचं कुलूप ऐच्छिक समजू नका. ॲडमिनरच्या जुन्या आवृत्त्यांत गंभीर त्रुटी सापडल्या आहेत: ४.६.२ पर्यंतच्या काही आवृत्त्यांत सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या, आणि २०२१ साली जाहीर झालेली दुसरी त्रुटी ४.७.९ मध्ये दुरुस्त झाली. म्हणजे फाइल टाकून विसरलात तर तुमचं काही खरं नाही. फाइलीचं नाव बदला, नाहीतर तेच नाव शोधत फिरणारी यंत्रं रोज येतील. प्रवेश शाळेच्या आयपीपुरता ठेवा. लॉगिनच्या पानावर 'सर्व्हर' अशी मोकळी चौकट असते, तिथे कुणी दुसऱ्याच यंत्राचा पत्ता घालू नये म्हणून लॉगिन-सर्व्हर्स नावाचं प्लगइन (वरून जोडायचा छोटा भाग) आहे, ते बसवा. प्रत्येक मुलाला स्वतःचा डेटाबेस आणि तेवढ्यापुरतेच हक्क. ड्रॉप टेबल, म्हणजे तक्ता पुसून टाकायची आज्ञा, कुणीतरी चालवतंच. आमच्याकडे दुसऱ्याच तासाला चालवलं, पण गेला तो फक्त त्याचाच तक्ता.

आणखी एक, जे मला उशिरा कळलं. आमची फायरवॉल एचटीटीपीएस मध्येच उघडून तपासते आणि स्वतःच्या, ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राने पुन्हा बंद करते. शाळेच्या यंत्रांवर ते प्रमाणपत्र टाकलेलं असल्याने ब्राउझर कुरकुर करत नाही. पण याचा अर्थ मुलांचे पासवर्ड आणि क्वेऱ्या वाटेत वाचता येतात. म्हणून खऱ्या विद्यार्थ्यांची नावं, गुण, फोन नंबर यातलं काहीही मी या डेटाबेसात ठेवत नाही.

जिथे ॲडमिनर हात टेकतं ती जागाही मोठी आहे. पायथनमधून डेटाबेसला जोडायचा धडा आला तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. ते माणसांसाठी आहे, प्रोग्रामसाठी नाही. वेबवरून डेटा मागवायला लावावं, तर पायथनची रिक्वेस्ट्स ही लायब्ररी स्वतःची प्रमाणपत्रांची यादी बघते आणि शाळेचं प्रमाणपत्र तिला ओळखू येत नाही, म्हणून पडताळणीची चूक दाखवते. ही पडताळणीच बंद करा असा सल्ला मुलांना कुठेतरी सापडतोच. मी तो करू देत नाही. शेवटी त्याच सर्व्हरवर ज्युपिटरहब, म्हणजे ब्राउझरमधून कोड लिहून चालवायची सोय, बसवलं: कोडही तिकडेच चालतो, डेटाबेस शेजारच्या खोलीत, आणि वर्गात फक्त ब्राउझर.

माझे पाचपैकी चार तारे. पाचवा प्लगइनं जोडण्याच्या कटकटीत गेला, आणि अर्धा तरी तारा नेटवर्कच्या सरांना द्यायला हवा. परवा त्यांनीच विचारलं, त्यांच्या यंत्रांच्या यादीचा एक डेटाबेस आहे, त्यावर हे बसेल का.