सरसकट तपासणी की लक्षणे पाहून?

संवेदनशीलता (आजाऱ्यांपैकी किती पॉझिटिव्ह येतात) ९० टक्के, विशिष्टता (निरोग्यांपैकी किती निगेटिव्ह येतात) ९५ टक्के अशी चाचणी धरू.

सरसकट १०,००० जणांत आजारी १०० असतील, तर ९० खरे पॉझिटिव्ह येतात. उरलेल्या ९,९०० निरोग्यांतले ५ टक्के, म्हणजे ४९५, खोटे. पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा असण्याची शक्यता ९०/५८५, जेमतेम १५ टक्के! लोक इथे ९० टक्के धरून बसतात. ९० टक्के ही मात्र आजारी माणूस पॉझिटिव्ह येण्याची शक्यता.

लक्षणे असलेल्या १०,००० जणांत आजारी ३,००० असतील, तर २,७०० खरे, ३५० खोटे. पॉझिटिव्ह रिपोर्टाची विश्वासार्हता ८९ टक्के. पण ३०० आजारी निसटतात, निगेटिव्ह रिपोर्टांपैकी ४ टक्के. म्हणूनच २०२० मध्ये कोविडसाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) लक्षणे असूनही झटपट होणारी अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आल्यास जास्त संवेदनशील आरटी-पीसीआर चाचणी करायला सांगितले होते.