नकाशाचं ॲप, वर्षभर वापरून: तीन तारे, तेही नाइलाजाने

गेल्या आठवड्यात कार्डातून न विचारता पुन्हा ४० डॉलर गेले, म्हणून लिहायला बसलो. ॲपचं नाव घेत नाही.

घेतलं होतं अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोना सीमेवरच्या पॅरिया कॅन्यन या दरीच्या पायी भटकंतीसाठी. युटातल्या वायर पासवरून बकस्किन गल्च या चिंचोळ्या घळीत शिरायचं आणि ॲरिझोनात लीस फेरीला निघायचं, ७० किलोमीटरच्या आसपास. मुक्कामाची परमिटं दिवसाला फक्त २० जणांना, त्यामुळे एप्रिलची तारीख मिळाली तेव्हा पेढे वाटायचे बाकी होते.

माझं भांडण हाउस रॉक व्हॅली रोडवरून आहे. हायवे ८९ सोडल्यावर वायर पासपर्यंत १३ किलोमीटर कच्चा रस्ता, आणि ॲपमध्ये तो कॉलनीतल्या गल्लीसारखीच करडी रेघ. ‘१८ मिनिटं.’ रात्री पाऊस झालेला. पहिल्याच उतारावर चिकणमाती टायरच्या खाचांत अशी बसली की चाकाला नक्षीच उरली नाही. गाडी आडवी झाली. तंबूच्या खुंट्यांनी माती खरवडत दीड तास गेला, परमिटही गेलं. हा रस्ता ओला असताना जाऊ नये, हे तिथल्या रेंजरने एका वाक्यात सांगितलं असतं. त्यांचं ठाणं वाटेवरच होतं. मी थांबलो नाही, कारण माझ्याकडे ॲप होतं!

त्या रात्री एक तारा दिला. ऑक्टोबरात परत गेलो. बकस्किनमध्ये निळा ठिपका थेट वरच्या पठारावर फिरायला गेला. मी पुन्हा शिव्या घातल्या. मग वर पाहिलं. भिंतींमधून आभाळाची जेमतेम पट्टी दिसत होती, तिथे उपग्रह सापडणार कुठून? ती शिवी मागे घेतो.

खाली दरी रुंदावल्यावर मात्र ॲपने पैसे वसूल करून दिले. नदीचं पाणी गाळाने दाट, फिल्टर दोन लिटरांत तुंबला. घरी बसून हाताने मारलेल्या झऱ्यांच्या खुणा रेंज नसतानाही उघडल्या. ‘लास्ट रिलायबल स्प्रिंग’ नाव वाचूनच बाटल्या भराव्यात असं आहे. खडकातली ओल ठिपक्यापासून चार पावलांवर होती. त्यानंतर लीस फेरीपर्यंत जवळजवळ २० किलोमीटर नदीच.

(शेवटी गाडी बोलावली असेल तर वेळ ॲरिझोनाची सांगा. युटा मार्च ते नोव्हेंबर घड्याळ तासभर पुढे ठेवतं, ॲरिझोना नाही. आम्ही एक तास धोंड्यावर बसलो.)

रस्त्याबद्दल मे महिन्यात कळवलं होतं. ‘धन्यवाद’ आलं. रेघ अजून करडीच, १८ मिनिटंच. यूएसजीएसचे (अमेरिकेचं सरकारी भूसर्वेक्षण खातं) नकाशे फुकट उतरवून छापलेत, वर्गणी बंद केली. पण ४० डॉलर परत मिळत नाहीत म्हणे, म्हणजे अजून वर्षभर वापरणं आलं.