गोव्यातली ॲपवरची टॅक्सी : गाडी येते, पण फाटकापर्यंत नाही

गोव्यात ओला आणि उबर चालत नाहीत, हे तिथे वरचेवर जाणाऱ्यांना ठाऊक असते. नवखा पाहुणा मात्र विमानतळावर उतरून सवयीने मोबाइल उघडतो आणि नकाशावर एकही गाडी दिसत नाही म्हणून गोंधळतो. या जागी ‘गोवा माइल्स’ नावाचे ॲप आहे. गोवा पर्यटन विकास महामंडळाने एका खाजगी कंपनीच्या साथीने ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू केले. म्हणजे हे ॲप सरकारच्या इच्छेविरुद्ध आलेले नाही, सरकारनेच आणलेले आहे. आणि तरीही राज्यातल्या टॅक्सीव्यवसायाने त्याला आपले मानलेले नाही. गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन कुलदैवताच्या दर्शनासाठी गेलो असताना पाच दिवस मी शक्य तिथे याच ॲपवरून गाडी केली, त्या अनुभवावर हे परीक्षण आहे.

दाबोळी विमानतळावरून पणजीपर्यंतचा पहिला प्रवास निर्धास्त झाला. ॲपवर निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण भरले की भाडे आधी दिसते, मग गाडीचा क्रमांक आणि चालकाचे नाव येते. जो आकडा दिसला तोच शेवटी द्यावा लागला, एक रुपयाही वर मागितला गेला नाही. भाडे ठरवताना घासाघीस करायची नाही, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हे ॲप वापरीन. जुवारीच्या नव्या पुलावरून जाताना चालकाने स्वतःच सांगितले की त्याची गाडी कर्जावर घेतलेली आहे, भाड्याच्या गाडीची पिवळी क्रमांकपाटी आहे, चालकाचा अधिकृत बिल्लाही आहे, आणि तरी काही गावांत प्रवासी घ्यायला तो जात नाही. “सोडायला कुठेही जातो साहेब, घ्यायला नाही,” हे त्याचे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले.

त्याचा अर्थ चौथ्या दिवशी समजला. पणजीत राहून मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा ही दर्शने झाल्यावर दोन रात्रींसाठी आम्ही उत्तर गोव्याच्या किनारपट्टीवरील एका हॉटेलात गेलो. सकाळी पणजीला परतायचे होते. ॲपवर गाडी मिळाली, चार मिनिटांवर आहे असे दिसले, आणि मग चालकाचा फोन आला की आपण आत येऊ शकत नाही, तेव्हा तुम्हीच मुख्य रस्त्यापर्यंत या. हॉटेलच्या फाटकासमोर तिथल्या टॅक्सीवाल्यांचा स्टँड होता. आमच्या हातातल्या पिशव्या पाहून त्यांच्यापैकी एकाने अगदी शांतपणे विचारले, “आजींना कुठे जायचे?” पणजी म्हटल्यावर त्याने जे भाडे सांगितले ते ॲपवरच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त होते. ॲपची गाडी बोलावली आहे असे मी सांगताच तो म्हणाला, “मग ती इथून नाही भरणार.” आवाज चढला नाही, कोणी अंगावरही आले नाही. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसाने खांदे उडवले. चौऱ्याहत्तर वर्षांची आई पिशवी घेऊन पंधरा मिनिटे उन्हात चालली आणि मग आम्ही गाडीत बसलो.

ही तक्रार ॲपविरुद्ध नाही. ॲपने गाडी पाठवली होती, चालक वेळेवर आला होता आणि चालण्याचा त्रास झाल्याबद्दल त्यानेच क्षमा मागितली. माझा आक्षेप आहे तो ज्या व्यवस्थेत फाटकाबाहेरचा सार्वजनिक रस्ता एका स्टँडची खाजगी मालमत्ता ठरतो, तिच्यावर. मोटार वाहन कायद्याखालचा टॅक्सीचा परवाना हा प्रवासी वाहतुकीचा परवाना असतो. अमुक हॉटेलचे प्रवासी अमक्याच स्टँडचे, अशी वाटणी त्यात कुठेही नसते. ती वाटणी रिवाजाने झालेली आहे, आणि किनाऱ्यावर कायद्यापेक्षा रिवाज जवळचा असतो. म्हणून गोव्यात हे ॲप कसे आहे या प्रश्नाचे उत्तर ॲपवर अवलंबून नाही, तुम्ही कुठे उभे राहून गाडी बोलावता यावर आहे. विमानतळ आणि पणजी शहर इथे ते चोख चालते. आमच्या हॉटेलसारख्या ठिकाणी त्याच ॲपचा त्याच पैशात अर्धा उपयोग होतो.

पुण्यात राहणाऱ्याला यात एक गंमत दिसते. पुण्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये ओला आणि उबर या दोन्ही कंपन्यांचे परवान्याचे अर्ज फेटाळले, आणि गाड्या मात्र आमच्या सोसायटीच्या दारात येतच राहिल्या. पुण्यात तेव्हा परवाना नव्हता आणि गाडी येत होती. गोव्यात सरकारी मान्यता आहे आणि गाडी फाटकापर्यंत येत नाही. कागद आणि रस्ता यांचा काडीमोड दोन्हीकडे झालेला आहे, फक्त कोणी कोणाला सोडले ते वेगळे.

स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याची बाजू मात्र ऐकण्यासारखी आहे, आणि ती न ऐकता केलेले परीक्षण एकांगी होईल. स्टँडवरचे बरेच टॅक्सीवाले स्वतःच गाडीचे मालक आणि स्वतःच चालक असतात. हंगाम ऑक्टोबरपासून फार तर मार्च-एप्रिलपर्यंत. त्यानंतर पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी आणि हप्ता चालू. किनाऱ्यावरून प्रवाशाला विमानतळावर सोडले की परत येताना बहुधा रिकामे यावे लागते, आणि त्या रिकाम्या परतीचे पेट्रोलही जाणाऱ्याच्या भाड्यात बसवलेले असते. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी खुला झाला, तेव्हा पेडणे तालुक्यातल्या टॅक्सीवाल्यांनी तिथे आपला हक्क मागितला, तो याच जाणिवेतून : जमीन आमच्या तालुक्याची गेली, मग प्रवासी तरी आमच्या वाट्याला यावेत. एप्रिल २०२१ मध्ये ‘गोवा माइल्स’ बंद करा या मागणीसाठी टॅक्सीवाले पणजीच्या आझाद मैदानावर बसले होते. पोटावर पाय येतो आहे असे वाटणाऱ्या माणसाशी प्रवाशाच्या सोयीची भाषा बोलून भागत नाही, हे मला मान्य आहे.

पण याच बाजूला एक उणी जागा आहे, आणि ती मीटरची. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत प्रकरण गेल्यानंतर २०२१ पासून टॅक्सींना डिजिटल मीटर बसवण्याचे काम सुरू झाले. आमच्या पाच दिवसांत स्टँडच्या दोन टॅक्सींत आम्ही बसलो, दोन्हींत मीटर होते आणि दोन्हींत ते चालू केले गेले नाहीत. सरकारने अधिसूचित केलेला दर स्टँडवाले मीटरवर घेत असते, तर ॲप आणि स्टँड यांच्या भाड्यांत एवढे अंतर राहिले नसते आणि प्रवासी मोबाइलकडे वळलाही नसता. ॲपची पहिली ओढ स्वस्ताईची नसून आधी कळणाऱ्या आकड्याची आहे. तो आकडा मीटरही देऊ शकतो, आणि मीटरला इंटरनेटची गरज नसते.

नियमांच्या अंगाने पाहिले तरी चित्र डळमळीत आहे. केंद्र सरकारने ॲपकंपन्यांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात मागणी वाढल्यावर मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत घेण्याची मुभा होती; २०२५ च्या सुधारित तत्त्वांत ती मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत वाढली. पण ही तत्त्वे लागू करायची की नाही हे राज्याच्या हाती असते. गोवा सरकारने २०२५ च्या मे महिन्यात आपल्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, टॅक्सीवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि मसुदा पुढे सरकला नाही. आणखी ॲप आली तर भाडे उतरेल असे मानणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की फाटक तेच असेल आणि स्टँडही तोच.

या सगळ्यात एक जुनी सोय लोक विसरतात. एकट्या प्रवाशाला गोव्यात ‘पायलट’ मिळतो, म्हणजे परवाना असलेली पिवळ्या-काळ्या रंगाची मोटारसायकल टॅक्सी. इतर शहरांत बाइक टॅक्सीवरून कोर्टकज्जे चालू असताना गोव्यात ही सेवा कित्येक वर्षे बिनबोभाट चालत आली आहे, आणि पणजी-म्हापशासारख्या ठिकाणी जवळच्या अंतराला ती सर्वांत सुटसुटीत आहे. आईला घेऊन ती करता येत नाही, हा माझा प्रश्न. विमानतळांवरून कदंब महामंडळाच्या बसही सुटतात. सामान कमी असेल आणि घाई नसेल तर त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

‘गोवा माइल्स’ला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. दीड गुण कापला तो सेवेच्या पोहोचेसाठी, वागणुकीसाठी नाही. पुढच्या वेळी विमानतळ, पणजी आणि फोंड्याची देवळे यांच्यासाठी मी हेच ॲप वापरणार आहे. किनाऱ्यावर राहायचे झाले तर मात्र खोलीचे पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करून एकच प्रश्न विचारणार आहे, की ॲपची गाडी तुमच्या फाटकातून प्रवासी घेऊ शकते का. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला, तर आम्ही पणजीतच राहू.