टोपली विकत घेणारे काका

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या अमेरिकी कार्टून मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा पंधरावा भाग, 'द टेल्स ऑफ बा सिंग से', मी आजवर चार वेळा पाहिलाय. दरवेळी शेजारी नवं माणूस होतं: नवरा, धाकटी बहीण, ऑफिसातली मैत्रीण आणि परवा नऊ वर्षांची भाची. त्यामुळे हे परीक्षण निम्मं भागाचं आणि निम्मं या चौघांच्या चेहऱ्यांचं आहे.

भाग तसा विस्कळीत. कथानक जागचं हलत नाही, बा सिंग से शहरात सहा छोट्या गोष्टी घडतात, एवढंच. मालिकेचा नायक आंग प्राणिसंग्रहालयातले प्राणी मोकळे सोडून गावभर गोंधळ घालतो, ती सगळ्यात पातळ. "ही नसती तरी चाललं असतं," असं नवरा म्हणाला आणि मी वाद घातला नाही. आंगचा मित्र सॉका चुकून हायकूच्या मैफिलीत शिरतो, पाच-सात-पाचच्या मापात समोरच्या बाईंना टोले देतो आणि ऐन रंगात एक अक्षर जास्त झालं म्हणून बाहेर फेकला जातो. इथे माझी बहीण बोटांवर मोजत होती. मूळ इंग्रजीतच ऐका, नुसत्या सबटायटल्सवर ही गंमत हातात येत नाही.

मैत्रिणीला झूकोची गोष्ट आवडली. हा शत्रूपक्षाचा, अग्निराष्ट्राचा राजपुत्र, या शहरात लपून राहतोय. कारंज्याभोवतीचे दिवे विझलेले बघून सोबत फिरायला आलेली मुलगी हिरमुसते, तेव्हा हा तिला डोळे मिटायला लावून गुपचूप दिवे पेटवतो. शत्रूच्या शहरात आपली अग्निविद्या उघड करणं म्हणजे जिवाशी खेळ, तरी करतो. मला मात्र आंगच्या मैत्रिणींची, कटारा आणि आंधळ्या टॉफची, जास्त भावते. नटूनथटून निघालेल्या टॉफला पुलावरच्या पोरी हसतात, तेव्हा ती त्यांना नदीत पाडते. नंतर मात्र, मला दिसतच नाही तर कशी दिसते याची कशाला फिकीर, असं म्हणता म्हणता रडते. कसलेल्या लेखकाचं काम आहे हे.

आता आयरो, झूकोचा काका. या भागाचं नाव निघालं की लोकांना तेवढीच चार-पाच मिनिटं आठवतात. गाणं लागलं आणि रडू आलं, असं जो तो सांगतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तेच गाणं आधी एकदा वाजून गेलेलं असतं! बाजारात एक पोर भोकाड पसरून बसलेलं असतं आणि आयरो एक वाद्य उचलून त्याच्यासाठी ते गातो. सैनिक पोरगा घरी परत येतो, असं ते साधं गाणं. पोर हसतं, वर त्याची दाढी ओढतं. आपणही हसतो आणि विसरून जातो. मग खिडकीची काच फोडलेल्या पोरांना तो, चूक कबूल करावी, असा उपदेश सुरू करतो, पण घरमालकाचा अवतार बघून स्वतःच त्यांना पळा म्हणतो. लुटायला आलेल्या माणसाला आधी नीट उभं राहायला शिकवतो, मग त्याच्यासोबत चहा पितो. माझा नवरा इथे खो-खो हसत होता.

मग टेकडीवरचं झाड. सुरुवातीला घेतलेली टोपली कशासाठी होती ते इथे कळतं. तो मुलाचं चित्र मांडतो, उदबत्ती लावतो. वाढदिवस असतो. तुला मदत करता आली असती तर, एवढंच म्हणतो आणि तेच गाणं पुन्हा म्हणायला लागतो, पण आवाज फुटतो. 'मदत' हा शब्द ऐकताच दिवसभरातली ती सगळी माणसं एकदम आठवतात. आणि ती कुठली? ज्या शहराला त्याने ६०० दिवस वेढा घातला आणि ज्या वेढ्यात त्याचा मुलगा लू टेन गेला, त्याच शहरातली. नवरा पाणी आणायला म्हणून उठला, तो आंगची गोष्ट सुरू झाल्यावरच आला.

या गोष्टीच्या शेवटी माको यांना अर्पण केल्याची पाटी येते. आयरोला आवाज देणारे माको २१ जुलै २००६ रोजी गेले आणि हा भाग २९ सप्टेंबरला दाखवला गेला. तिसऱ्या सीझनमध्ये आयरोचा आवाज ग्रेग बाल्डविन यांचा आहे.

तक्रार एकच, आणि ती भागाबद्दल नाही. हा तुकडा सुटा दाखवू नका. बहिणीला मी उत्साहाच्या भरात आधीचं काही न दाखवता थेट हाच भाग लावला. तिला रडू आलं, पण ते एका म्हाताऱ्या बापासाठी. आयरोसाठी नाही. पहिल्या सीझनच्या अखेरीस तो झूकोला मुलाबद्दल जे सांगतो ते तिने ऐकलंच नव्हतं. किमान दुसऱ्या सीझनचा 'झूको अलोन' तरी आधी बघा.

भाचीने सगळं क्रमाने पाहिलं होतं, तरी टेकडीवर ती रडली नाही. "हे चित्र कोणाचं?" एवढंच विचारलं, मी सांगितलं, तिने मान हलवली. मला थोडं खट्टू वाटलं, खरं सांगते. मग मोमोची गोष्ट आली, जी मी दरवेळी अर्धवट लक्ष देऊन बघते. जवळजवळ बिनशब्दांची. हरवलेल्या अप्पाला, म्हणजे आंगच्या उडणाऱ्या गव्याला, शोधत हे माकडासारखं पिल्लू शहरभर भटकतं, खाटकाच्या तावडीतून सुटतं आणि शेवटी पावसात अप्पाच्या पावलाच्या ठशात अंग मुडपून झोपतं.

"मावशी, तो त्याच्या पायात झोपला," ती म्हणाली आणि जे काही रडायला लागली!

पुढचा भाग अप्पाचा आहे. तो याहून जड आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही.