घसरता हँडहेल्ड कसा सावरावा: थ्रीडीएस आणि व्हीटा

निन्टेंडोचा थ्रीडीएस घ्यावा की सोनीचा प्लेस्टेशन व्हीटा, असा हातात धरून गेम खेळायच्या या दोन यंत्रांचा (हँडहेल्डचा) सेकंडहँड बाजारातला पेच असेल तर स्क्रीन आणि ग्राफिक्स मोजत बसू नका. तिथे व्हीटाच सरस. पहिल्या मॉडेलचा पाच इंची ओएलईडी स्क्रीन आजही डोळ्यांत भरतो. त्यापेक्षा हे बघा, की विक्री अडली तेव्हा दोन्ही कंपन्यांनी काय केलं. त्याचे परिणाम आजच्या गिऱ्हाइकालाही भोगावे लागतात.

थ्रीडीएस 2011च्या मार्चमध्ये अमेरिकेत 249.99 डॉलरला आला आणि रेंगाळला. ऑगस्टमध्येच निन्टेंडोने किंमत थेट 169.99वर आणली. आधी जास्त पैसे मोजलेल्यांना वीस जुने गेम फुकट दिले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. शिवाय जपानात ज्या गेमवर सोनीचा व्हीटाआधीचा हँडहेल्ड पीएसपी तरला होता, तो मॉन्स्टर हंटर त्याच डिसेंबरात थ्रीडीएसवर आला.

सोनीनेही किंमत उतरवली, पण सावकाश. 249 डॉलरचा व्हीटा अमेरिकेत 199वर यायला ऑगस्ट 2013 उजाडला.

पण माझा निर्णय झाला तो मेमरी कार्डावरून. व्हीटाला बाजारातलं साधं एसडी कार्ड चालत नाही, नखाएवढं खास कार्डच लागतं. सुरुवातीला अमेरिकेत 32 जीबीच्या कार्डाला 99.99 डॉलर पडत, म्हणजे यंत्राच्या किमतीचा जवळजवळ दोन पंचमांश! पुढे कार्डंही स्वस्त झाली, तरी लागत राहिली तीच. आजही जुना व्हीटा विचारायला गेलात की विक्रेता आधी विचारतो, 'कार्डासकट की कार्डाशिवाय?' दोन भावांमधला फरक ऐकून मी निमूटपणे थ्रीडीएसकडे वळलो. त्यात कपाटात पडलेल्या जुन्या कॅमेऱ्याचं एसडी कार्ड सरकवलं, तर पहिल्या झटक्यात चाललं. अडचणीतल्या कंपनीने नुसती यंत्राची किंमत पाडून भागत नाही. खरेदीनंतर गिऱ्हाइकाला पुन्हा पाकीट काढावं लागतं, ती जागा आधी बुजवायला हवी, असं आपलं माझं मत.

व्हीटावर अन्याय नको. त्याच्या गेमना प्रदेशाचं कुलूप नाही, म्हणजे एका प्रदेशातला गेम दुसऱ्या प्रदेशातल्या यंत्रावरही चालतो. सोनीने 2021 मध्ये व्हीटाचं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर करून महिन्याभरात निर्णय फिरवला, उलट थ्रीडीएसवरची ऑनलाइन खरेदी मार्च 2023 मध्ये कायमची थांबली. मोठं कार्ड धरून कुणी रास्त भावात व्हीटा देत असेल, तर खुशाल घ्या.

नाहीतर थ्रीडीएस बघा. फक्त यंत्र जपानी, अमेरिकन की युरोपियन हे आधी विचारा, आणि गेमचं कार्ट्रिज त्याच प्रदेशाचं घ्या.